बिडीवरची तसबीर

माझ्या थोरल्या भावाचा आयुष्यात एकच फोटो काढला गेला. औंढ्याच्या जत्रेत शिवरात्रीच्या कुस्त्या संपल्या होत्या आणि शेवटची कुस्ती त्याने मारली होती. अंगावरची माती तशीच असताना जत्रेतल्या एका फोटोवाल्याने त्याला हाताला धरून आपल्या पडद्यापुढे नेले. पडद्यावर महाल आणि कारंजे रंगवलेले होते. फोटोवाल्याने त्याच्या खांद्यावर गदा दिली. ती लाकडाची होती आणि आतून पोकळ होती. पैसे मागितले नाहीत. पुढच्या महिन्यात एक प्रत घरी आली, ती मायने चुलीच्या वरच्या कोनाड्यात ठेवली.

त्या काळात आमच्या मुलखात भाऊ प्रसिद्ध होता. वाशीमपासून नांदेडपर्यंत ज्या ज्या जत्रेत फड भरे, तिथे शेवटची जोड त्याच्यासाठी राखलेली असे. बाजारात तो आला की बसलेली माणसे उठून उभी राहत. बाया आपली लेकरे त्याच्या पायांवर घालत. हे मी पाहिले आहे. जे ऐकले ते यात धरलेले नाही.

त्याची तालीम आखाडा बाळापूरला होती, आमच्या गावाहून पायी जाण्याच्या अंतरावर. वस्ताद म्हातारा होता, लग्न न केलेला, तरुणपणी हिंगोलीच्या छावणीत पलटणीत नोकरी केलेला. त्याचे नियम थोडे होते आणि ते कोणी मोडत नसे. तंबाखू, बिडी, सुपारी यांना हात लावायचा नाही. तालमीच्या भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर त्याचा लंगोट. वस्तादाने लंगोट खुंटीवरून काढून घरी पाठवला की तो गडी संपला. मग आसपासच्या कोणत्याही तालमीत त्याला मातीत उतरू देत नसत.

वस्ताद नव्या गड्याला लगेच आपला म्हणत नसे. कान मोडेपर्यंत थांबे. डोके डोक्याला घासून, मातीत रगडून पैलवानाचे कान सुजतात, आत रक्त साकळते आणि मग ते कायमचे गोळा होऊन बसतात. भावाचा पहिला कान सुजला तेव्हा मायने रात्रभर हळदीचे पोटीस बांधले आणि रडली. सकाळी भावाने ते सोडून टाकले. तालमीत वस्तादाने कान चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, "आता तू माझा." अनोळखी माणूस बाजारात भेटला तर पैलवान लोक आधी त्याचे कान बघत, मग तोंड.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या सुमाराची गोष्ट. भाऊ आणि मी जवळा बाजारला बैल बघायला गेलो होतो. पानबिडीच्या पालापुढून जाताना दुकानदाराने हाक मारली.

"या पैलवान, या! तुमच्या नावानं बोहनी झाली आज."

"काहून? मी काय घेतलं तुमच्याकून?"

"तुमी न्हाई घेतलं. पन समदा बाजार घेऊन राहिला." त्याने बिडीचे बंडल पुढे केले. बंडलावर कागद चिकटवलेला होता. कागदावर महाल, कारंजे, खांद्यावर गदा आणि भाऊ.

शेजारी गाडीच्या जुवावर बसलेला एक शेतकरी म्हणाला, "आमी दूधतूप खाऊन मेलो की हो. तुमी बिडी वढून गडी झाले व्हय?"

दुसरा म्हणाला, "अन् माही बायको म्हनती बिडीनं छाती जळती. आता दावतो तिला ही छाती!"

लोक हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. भावाने बंडल माझ्याकडे दिले आणि खाली काय लिहिले आहे ते वाचायला सांगितले. आमचे गाव तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मी उर्दू मिडल पास झालो होतो, मराठीही येत होती. दोन्ही लिप्यांत फक्त हिंगोलीच्या कारखान्याचे नाव होते. भावाचे नाव कुठेच नव्हते.

"मी तंबाखूला हात लावला न्हाई," भाऊ दुकानदाराला म्हणाला.

"आमाला माहीत हाये पैलवान. चित्राला कोन इचारतंय?"

बैल न बघताच आम्ही परत आलो.

वस्तादाला बातमी आमच्या आधी पोचली होती. आम्ही तालमीत गेलो तेव्हा भावाची खुंटी रिकामी होती आणि लंगोट घडी करून उंबऱ्यावर ठेवलेला होता. भावाने वस्तादाचे पाय धरले. मी बिडी ओढलेली नाही, फोटो कोणी दिला मला ठाऊक नाही, असे सांगितले.

"तू वढत न्हाईस ते मला म्हाईत हाये," वस्ताद म्हणाला. "पन पोरं तुला बघून तोंडात बिडी घालून राहिली. तुला इचारून केलं का न इचारता, ते तू बघ. तुझं तोंड त्या बंडलावर हाये तंवर हितं माती न्हाई. ते थांबव. थांबलं की ये."

भावाने बंडल दाखवायला हात पुढे केला. वस्तादाने हात मागे घेतला. तंबाखूला शिवायचे नाही हा नियम त्याने स्वतःसाठीही ठेवला होता. चित्र त्याने त्या दिवशी पाहिलेच नाही.

भावाला एवढेच हवे होते: चित्र थांबावे आणि लंगोट खुंटीवर परत जावा. पुढे जे झाले ते सगळे यासाठी झाले.

पहिल्यांदा आम्ही कारखान्यावर गेलो. लांब पडवीत बायका ओळीने बसून पाने कातरत, बिड्या वळत होत्या. भाऊ आत येताच हात थांबले. एक म्हणाली, "ह्यो तर कागदापरीस काळा हाये गं." दुसरी म्हणाली, "कागदावर पावडर लावली आसंल." कारखानदार गादीवरून उठून आला, भावाला शेजारी बसवले, चहा मागवला. तो गोड बोलणारा माणूस होता. फोटोवाल्याने फोटो विकला, मी घेतला, यात चूक काय ते त्याला खरोखरच कळत नव्हते असे मला वाटले.

"आवो, बैल इकत घेतला तर बैलाला इचारतेत काय?" तो म्हणाला.

"मी बैल न्हाई, शेठ."

"रागावू नका. तुमाला नांदेडच्या पलीकडं कोन वळकत व्हतं? आता चेहरा पार हैदराबादपस्तोर गेला. लोकं पैसे देऊन नाव करतेत, तुमचं फुकटात झालं."

"मला तालमीत घेत न्हाईत."

"मंग कारखान्यावर या. दारात नुसतं उभं राहायचं. काम न्हाई, धाम न्हाई."

आम्ही निघालो तेव्हा गाडीत बिड्यांची टोपली ठेवलेली दिसली. भावाने ती उचलून पडवीत नेऊन ठेवली. बायका पुन्हा हसल्या.

हिंगोलीतले वकील शेरवानी घालणारे, सावध बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "शेताची हद्द कोणी कोरली असती तर मी उद्या दावा लावला असता. चेहऱ्याची हद्द कुठल्या कायद्यात आहे, मला माहीत नाही. तरी बघू. नुकसान काय झालं तुमचं?"

"तालीम बंद झाली," भाऊ म्हणाला.

"ते मी उर्दूत काय लिहू?" त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिले की मुद्दईच्या, म्हणजे दावा लावणाऱ्याच्या, शोहरतीला धक्का पोचला आहे. मी ते भावाला वाचून दाखवले.

"शोहरत म्हंजे?"

"कीर्ती."

"कीर्ती नका लिहू म्हनाव. तालीम लिहा."

"कोर्टाला तालीम कळत नाही," वकील म्हणाले आणि शोहरत तशीच राहिली. मागणी एकच होती, की हे चित्र छापण्याला मनाई व्हावी. पुरावा म्हणून वकिलांनी आमच्या कोनाड्यातला फोटो मागून घेतला आणि मिसलीला, म्हणजे दाव्याच्या कागदांना, जोडला. माय द्यायला तयार नव्हती. परत मिळतो असे मी तिला सांगितले, कारण वकिलांनी मला तसे सांगितले होते.

मग कोर्टाच्या तारखा पडू लागल्या. बैलगाडीने कळमनुरी, तिथून मिळाली तर मोटार, नाहीतर पुन्हा गाडी. हिंगोलीला पोचावे तर न्याय देणारे मुन्सिफसाहेब दौऱ्यावर किंवा समोरचे वकील आजारी. फोटोवाल्याला साक्षीला बोलवायचे होते, पण तो जत्रेजत्रेने फिरणारा माणूस. कोणी सांगे मेळघाटात आहे, कोणी सांगे मुंबईला गेला. समन्स प्रत्येक वेळी परत आले. एक पीक गेले, दुसरे गेले, तिसरे उभे राहिले.

भाऊ पहाटे शेतात एकटाच जोर काढी, बैठका मारी. जोडीशिवाय पैलवान टिकत नाही. दूध त्याने हळूहळू बंद केले. माय विचारी तेव्हा म्हणे, "कोनासाठी पिऊ?" त्यानंतर कयाधूच्या काठच्या आमच्या गावांत हिवतापाची साथ आली आणि त्याने भावाला धरले. ताप जाई आणि परत येई. पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली. मांड्या उतरल्या, मान उतरली. पूर्वीचा सदरा अंगावर लोंबू लागला. लोक बाजारात उठून उभे राहीनासे झाले. त्यात अपमान नव्हता, त्यांनी त्याला ओळखलेच नाही. बिडी मात्र जोरात चालली होती. दुकानात लोक तिला 'पैलवानाची' म्हणून मागत. ज्यांनी त्याला कधी फडात पाहिले नव्हते तेही तसेच म्हणत.

अखेर दावा ऐकण्याचा दिवस आला. कोर्टात गर्दी होती. कारखानदार आता सांगत होता की हे चित्र कोणा एका माणसाचे नाही, चितार्‍याने मनाने काढलेला पैलवान आहे. गादीवर तो आमच्याशी काय बोलला होता त्याला मी आणि भाऊ सोडून साक्षीदार नव्हता. त्याच्या वकिलाने टेबलावर चार-पाच फोटो मांडले. सगळ्यांत तोच महाल, तेच कारंजे, तीच गदा. एकात वसमतचा कापडदुकानदार होता, एकात कोणी पटवारी. त्या पडद्यापुढे जत्रेतले अर्धे लोक उभे राहिले होते.

आमचा फोटो चुलीच्या धुराने पिवळा पडला होता. चेहरा जेमतेम दिसत होता.

मुन्सिफसाहेब मध्यम वयाचे, शांत होते. त्यांनी भावाला जवळ बोलावले, पटका काढायला सांगितले आणि बंडल त्याच्या गालाशेजारी धरायला लावले. भावाने ते धरले. तंबाखू त्याच्या हातात मी तेव्हा शेवटची पाहिली. कागदावरचा माणूस मानेने आणि छातीने भरलेला, गोरा, गुलाबी गालांचा. शेजारी माझा भाऊ.

समोरचे वकील म्हणाले, "हुजूर, ये तसवीर इनकी है?" आणि कागदाकडे बोट केले. मागून कोणीतरी हसले. साहेबांनी वर पाहिले, हसणे थांबले.

मग त्या वकिलाने कान दाखवले. आमच्या फोटोत, पिवळ्या झालेल्या कागदावरसुद्धा, कान मोडलेले कळत होते. बंडलावरच्या कागदावर कान साबूत होते, पाळीसकट, देवाच्या चित्रात असतात तसे. छापखान्यातल्या चितार्‍याला मोडके कान बरे दिसले नसावेत, त्याने ते नीट करून टाकले होते.

आमच्याकडे एक साक्षीदार उरला होता, वस्ताद. वकिलांचे म्हणणे असे की ज्याने हे शरीर घडवले त्याच्याइतके ते कोणाला माहीत असणार. चित्र थांबवण्यासाठी बोलावले आहे म्हणून वस्ताद आला होता. अंगावर धुतलेली बंडी, डोक्याला फेटा. शपथ घेतल्यावर वकिलांनी बंडलावरून सोडवलेला कागद त्याच्या तळहातावर ठेवला. नुसता कागद असल्यामुळे त्याने घेतला. इतक्या दिवसांत चित्र त्याने पहिल्यांदा पाहिले.

त्याने कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"ही तसबीर कोणाची?" आमच्या वकिलांनी विचारले.

"म्हाईत न्हाई."

"नीट बघा, वस्ताद. तुमच्या पठ्ठ्याची आहे का?"

"माझ्या तालमीतल्या कोनाचीच न्हाई. हे कान मातीला लागलेले न्हाईत."

"कान सोडा. चेहरा बघा."

"चेहऱ्यानं पैलवान वळकत न्हाईत, साहेब. कानानं वळकत्यात."

मुन्सिफसाहेबांनी हे उर्दूत लिहून घेतले आणि वाचून खात्री करून घेतली. वस्तादाने मान डोलावली. त्याच दिवशी दावा खारीज झाला. कागदावर कोणाचे नाव नाही, तसबीर मुद्दईची आहे हे शाबीत झाले नाही, त्याच्याच साक्षीदाराने नाकारले. चेहऱ्यावर माणसाची मालकी असते की नसते, या प्रश्नापर्यंत कोर्ट गेलेच नाही.

बाहेर लिंबाखाली वकील वस्तादाला म्हणाले, "तुम्ही माझा दावा बुडवला."

"तुमी इचारलं, मी सांगितलं," वस्ताद म्हणाला. मग भावाकडे वळला. "ते तू न्हाईस. समद्या कोर्टाम्होरं शपथ घेऊन सांगितलं. आता तुझ्यावर काय डाग हाये? उद्या ये."

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. "वस्ताद, खरंच वळकलं न्हाई?"

"कान न्हाईत त्याला," वस्ताद म्हणाला.

त्याने खरेच ओळखले नाही, की ओळखून तसे सांगितले, हे मी ठरवू शकलेलो नाही. तो खोटे बोलल्याचे मला आठवत नाही. त्याच्याकडून दुसरे उत्तर कोणी काढले नाही, आणि आता तो हयात नाही.

दुसऱ्या दिवशी लंगोट खुंटीवर गेला. भावाला तालीम परत मिळाली, आणि जी मनाई त्याने मागितली होती ती मिळाली नाही. बिडी चालूच राहिली. वस्तादाने तिच्याविषयी पुन्हा शब्द काढला नाही.

भाऊ तालमीच्या मातीच्या हौदात उतरला. नवी माती उकरून त्यात ताक, तेल, हळद घालण्याचे काम त्याने मागून घेतले. कुदळीच्या थोड्याच घावांनी त्याला धाप लागे. पोरांशी तो झोंबायचा तेव्हा मी काही वेळा पाहिले. पोरे त्याच्या जुन्या नावाला मान देऊन आपण होऊन पाठीवर पडत. एकदा तो त्यातल्या एकाच्या छातीवरून उठला आणि म्हणाला, "पडून दाखवू नका रे."

पोरगा म्हणाला, "न्हाई दादा, खरंच पडलो."

"मला पाडायला येतं. पडलेला कसा दिसतो ते ठावं हाये."

त्यानंतर तो हौदात उतरला नाही. रोज पहाटे जाई, लंगोट खुंटीवरून काढी, झटकून परत अडकवी आणि कठड्यावर बसून राही. वस्ताद त्याला कधी ऊठ म्हणाला नाही, उतर म्हणाला नाही. अशी काही वर्षे गेली. संस्थानातल्या धामधुमीच्या वर्षी, थंडीत, तापातच तो गेला. चितेवर ठेवण्यापूर्वी वस्तादाने तालमीतून मूठभर माती आणून त्याच्या कानांना लावली.

तोवर मी वाशीमच्या बाजूला एका वर्तमानपत्राचे काम करू लागलो होतो. दहाव्याला घरी होतो तेव्हा मायने कोनाड्याकडे बोट केले. "फोटू कोर्टात हाये ना? दावा तर कवाच संपला. घेऊन ये."

संस्थान विलीन झाल्यानंतर मी हिंगोलीच्या कोर्टात गेलो. नवा कारकून मराठी लिहिणारा होता. जुन्या उर्दू मिसली गठ्ठे बांधून दुसरीकडे हलवल्या होत्या. कुठे, ते त्याला माहीत नव्हते. शोधतो म्हणाला. मी आणखी दोनदा गेलो. मग तो माझ्याकडे बघून नुसती मान हलवू लागला.

वाशीमला परतताना कनेरगाव नाक्यावर गाडी थांबली. पूर्वी इथे जकात घेत. एका टपरीवर तेच बंडल रचून ठेवलेले होते. छापाचा दगड झिजला असावा, रंग बाहेर सांडले होते, पण चेहरा कळत होता. मी एक बंडल घेतले, तिथेच पाण्याचा हात लावून कागद सोडवला आणि बिड्या परत ठेवल्या.

"बिडी ठिवून कागूद नेता व्हय?" टपरीवाला म्हणाला. "काय लाटरी हाये का त्यात?"

"घरी पाहिजे आहे."

"न्या, न्या. लेकरं बी नेतेत. भित्तीला चिकटवतेत."

पुढच्या खेपेला मी घरी गेलो आणि कागद मायच्या हातात दिला. फोटो मिळाला नाही, हा कागद त्यावरूनच काढलेला आहे, यात चितार्‍याने गाल गुलाबी केले आहेत आणि कान चुकवले आहेत, असे मी तिला सांगितले. तिची नजर अधू झाली होती. ती दारात उजेडाला जाऊन बसली. बराच वेळ बोटाने कागद चाचपत राहिली.

"चुकले न्हाईत," ती म्हणाली. "बराबर हायेत. तालमीत जायच्या आधी असेच व्हते त्याचे कान."

तिने बोट कागदाच्या खालच्या कडेला नेले.

"अन् खाली हे काय लिव्हलंय?"

"कारखान्याचं नाव."

"ते काप."

मी कात्री आणली आणि खालची पट्टी कापली.